पेट्रोल येतंय, पण पुरतंय का?

जुनी पद्मिनी घाटात धापा टाकायला लागली की सल्ला देणाऱ्यांची वानवा पडत नाही. एक म्हणतो, कार्बोरेटरमध्ये (हवा-पेट्रोल मिसळतात तिथे) कचरा आलाय. दुसरा म्हणतो, व्हेपर लॉक (तापून पेट्रोलची वाफ झाली, नळी अडली), इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका. तिसऱ्याला ठिणगी देणाऱ्या क्वाइलचा संशय येतो. हे तिन्ही निकाल बॉनेट न उघडता लागलेले असतात. तिन्ही आजार या गाडीला होतात हेही खरं, त्यामुळे कुणाला खोटं पाडता येत नाही. पैसे मात्र तिन्हींवर खर्च होतात.

माझी गाडी १९८६ची. वडिलांनी घेतली, ते गेल्यावर माझ्याकडे आली. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला, कार्बोरेटर सोलेक्स. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९६४ साली फियाट ११०० डी म्हणून ही गाडी सुरू झाली, १९७४पासून तिला पद्मिनी म्हणू लागले आणि शेवटपर्यंत यंत्र जवळजवळ तेच राहिलं. त्यामुळे मेकॅनिकला ती तोंडपाठ असते. हा फायदा आहे आणि तोटाही आहे, कारण पाठ असलेलं उत्तर आधी बाहेर पडतं. मी साताऱ्याला राहते, लेक पुण्यात असते, आणि ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात सगळी नोकरी सरली. तेव्हा मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही खोड आता जायची नाही.

तक्रार अशी होती. पुण्याहून निघालं की कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, शिरवळपर्यंत गाडी लोण्यासारखी. खंडाळ्याच्या पुढे (साताऱ्याचं खंडाळा, बोरघाटातलं नव्हे) खंबाटकीचा चढ लागला की पहिली काही वळणं ठीक. मग ॲक्सिलरेटर दाबलेला असूनही गाडी ओढेनाशी व्हायची, झटके द्यायची, मागचा ट्रक हॉर्न मारायचा. बाजूला घेऊन थोडं थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चालायची, आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना बोगदा असल्यामुळे हा घाट लागत नाही, आणि तेव्हा गाडीने एकदाही कुरकुर केली नाही.

आता यातला पहिला प्रश्न: पेट्रोल कमी पडतंय की करंट? दोन्हीचा बाज वेगळा असतो. कंडेन्सर किंवा क्वाइल गरम होऊन गेली तर बहुधा बटण बंद केल्यासारखं होतं, आहे आणि नाही. पेट्रोल संपत आलेलं इंजिन मात्र हळूहळू खचतं, आणि पाय थोडा उचलला की उलट जरा बरं चालतं. माझी गाडी पाय उचलला की बरी चालायची. शिवाय झटके सुरू असताना मी चोक अर्धा ओढला, तर क्षणभर पुन्हा जोर आला. चोक ओढल्याने मिश्रणात पेट्रोल वाढतं. वाढवल्यावर इंजिन सुधारतं, म्हणजे आधी ते उपाशी होतं. क्वाइल बिघडली असती तर चोकने काही साधलं नसतं. हा उपाय फुकट आहे आणि चालत्या गाडीत करता येतो, तरी तो करणारे मला फारसे भेटले नाहीत.

गाडी बंदच पडली तर आणखी एक पाहण्यासारखं आहे. एअर फिल्टर काढायचा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारायचा आणि हाताने थ्रॉटल उघडायचा. बारीक पिचकारी उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल आहे, मग डेल्कोकडे, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे वळा. पिचकारी नाही, तर बहुतेक वाटी कोरडी. डोळ्यांनी पाहायचं, पण तोंड जवळ नेऊन नाही, आणि विडी ओढणाऱ्या मदतनीसाला आधी लांब पाठवायचं.

गॅरेजवाल्या मामांकडे गाडी नेली. माणूस हाताचा कसबी, टॅक्स्या पेट्रोलवर होत्या तेव्हा मुंबईत काम शिकलेला. त्यांनी इंजिन चालू केलं, कान लावला आणि म्हणाले, "बाई, कारबेटरच हाय. दुसरं काय न्हाई." कार्बोरेटर खोलला, जेटांमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांमध्ये) हवा मारली, नीडल बदलली, एसी पंपाला (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला) नवा डायफ्राम, म्हणजे पडदा, आणि किट टाकला. टाकीकडून येणाऱ्या लाइनलाही कॉम्प्रेसरची हवा मारली. मागे टाकीत बुडबुडे वाजले. "बगा, लाइन मोकळी." दारात उभी गाडी घड्याळासारखी चालत होती. खंबाटकीत पुन्हा तेच झालं.

इथे थोडं गणित करू, कारण सगळी मेख त्यातच आहे. जागेवर उभं असलेलं हे इंजिन मिनिटाला साधारण १० ते १२ मिली पेट्रोल पितं. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किमीने, लिटरला १५ पडत असतील, तर तासाला ३ लिटर, म्हणजे मिनिटाला ५० मिली. घाटात चार माणसं आणि डिकी भरलेली असताना ताशी ३५ने चढायचं, लिटरला जेमतेम साडेसहा पडतात, तर मिनिटाला ९०च्या घरात. लाइनमधून ६० मिली येत असेल तर दारात गाडी उत्तम, शिरवळपर्यंत उत्तम, आणि घाटात उपाशी. फ्लोट चेंबर मी रिकामा करून मोजला, पन्नासेक मिली निघालं. मिनिटाला ३० मिलीची तूट पडली तर तेवढी शिल्लक दीड-दोन मिनिटं पुरते. पहिली काही वळणं ठीक का जायची, ते इथे कळतं. थांबल्यावर पंपाने चेंबर पुन्हा भरला की गाडी शहाणी.

म्हणून उभ्या गाडीला कान लावून या रोगाचं निदान होत नाही. पेट्रोल येतंय का, हा प्रश्नच अपुरा आहे. किती येतंय ते मोजावं लागतं.

मोजायला फार काही लागत नाही. अंगणात, सकाळी इंजिन थंड असताना, कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून तिला लांब नवा पाईप जोडला आणि तो एक्झॉस्टपासून दूर, खाली ठेवलेल्या पारदर्शक मापाच्या बाटलीत सोडला. भाच्याच्या हातात अग्निशामक दिला. हा खेळ एकट्याने करायचा नाही, आणि क्लिप न लावता तर नाहीच. इंजिन चालू केलं. चेंबरात आहे तेवढ्यावर ते आयडलिंगला तीन-चार मिनिटं सहज चालतं, आणि तेवढ्यात पंप बाटली भरत राहतो. धडधाकट एसी पंपाने अर्ध्या मिनिटात पाव लिटरच्या आसपास टाकायला हवं, आणि धार पंपाच्या ठोक्याबरोबर नियमित उडायला हवी.

माझ्याकडे पहिले काही ठोके भक्कम उडाले. मग धार बारीक झाली, मध्ये मध्ये नुसता फेस. पुढच्या अर्ध्या मिनिटात बाटलीत पडलं तीसेक मिली. वरचं गणित आठवा.

आता तूट पंपाची की पंपाच्या मागची? त्याचं उत्तर डब्याने मिळतं. टाकीकडून येणारी नळी पंपावरून सोडवून तिचं तोंड बंद केलं आणि पंपाला चांगल्या पाईपने थेट पेट्रोलच्या छोट्या डब्यातून ओढायला लावलं. बाटली सरासर भरली. पंप निर्दोष, कार्बोरेटर तर त्याच्याही पुढे, त्याचा संबंधच नाही. आता उरला पंपापासून टाकीपर्यंतचा भाग. लाइनचे असे दोन तुकडे करत गेलं की फार हुशारी लागत नाही. उलट, पंपाकडून सुरुवात केल्यामुळे रोग शोधायला मला कार्बोरेटरचा एकही स्क्रू उघडावा लागला नाही.

पंपाबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं त्यावरच आहे. कॅमशाफ्टवरचा उंचवटा पंपाचा दांडा हलवतो, दांडा डायफ्रामला खाली ओढतो, तेव्हा टाकीकडून पेट्रोल खेचलं जातं. ते वर ढकलण्याचं काम दांडा करत नाही, डायफ्रामखालची स्प्रिंग करते. चेंबर भरला की नीडल बंद होते, स्प्रिंग दबलेलीच राहते आणि दांडा रिकामा हलत राहतो. म्हणजे पंपापुढच्या नळीत दाब असतो. तिथे फट असेल तर पेट्रोल ठिबकतं, वास येतो, दिसतं. पंपामागच्या नळीत मात्र ओढ असते. तिथे फट असेल तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली थेंब नाही, वास नाही, आणि माणूस समजतो सगळं ठीक आहे. डायफ्राम फाटला असता तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरलं असतं. गेज काढून वास घेतला, ऑइलची पातळी पाहिली, तसं काही नव्हतं. तो वास आला तर मात्र गाडी सुरूसुद्धा करू नये, पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग खाल्ली की खर्चाचा आकडा पाहवत नाही.

मागच्या भागात संशयित मोजकेच. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं तर पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला झुंज द्यावी लागते. पण तेव्हा झाकण उघडताना सुस्कारा ऐकू येतो. घाटात थांबल्यावर मी झाकण उघडून पाहिलं होतं, सुस्कारा नव्हता. टाकीतली जाळी गंजाने भरली म्हणावं तर हवा मारल्यावर निदान काही दिवस तरी फरक पडायला हवा होता. राहिले दोन रबरी पाईप, एक पंपाजवळ आणि एक मागे टाकीजवळ, मध्ये धातूची नळी. पंपाजवळचा पाईप मी बदलून पाहिला, फरक नाही. टाकीजवळचा दिसायला झकास होता. काळाभोर, भेग नाही, थोड्याच वर्षांपूर्वी टाकलेला.

तो काढला. तोंडाने फुंकून पाहिलं नाही. माझा भाऊ जनावरांचा डॉक्टर आहे, त्याच्याकडची मोठी सिरिंज पाईपच्या एका टोकाला घट्ट बसवली, दुसरं टोक वाटीतल्या पेट्रोलमध्ये. दट्ट्या दाबला: हवा बुडबुडत गेली, काही अडथळा नाही. दट्ट्या ओढला: थोडं पेट्रोल आलं आणि मग दट्ट्या अडला. जोर लावून ओढला तर बोटातून सुटून परत आत गेला.

ब्लेडने पाईप उभा चिरला. आतलं अस्तर फुगून मऊ पडलं होतं आणि एका बाजूने सुटून जिभेसारखं लोंबत होतं. हवा मारली की ती जीभ भिंतीला चिकटते आणि रस्ता मोकळा. ओढ लागली की तीच जीभ उचलली जाऊन वाट अडवते, जितकी ओढ जास्त तितकी घट्ट. मामांची हवा खरीच आरपार गेली होती. त्यांनी तपासलं ते उलट्या दिशेने, आणि गाडीत पेट्रोल त्या दिशेने कधीच जात नाही.

व्हेपर लॉकवाल्यांचंही थोडं खरं निघालं, ते सांगायला हवं. वाट अडली की पंपाच्या मागे दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. म्हणजे अडलेली नळी स्वतःच वाफ तयार करायला मदत करते. बाटलीतल्या फेसात थोडी हीही भर असणार. पंपावर ओलं फडकं टाकल्यावर गाडी जरा बरी चालायची ती याचमुळे, आणि म्हणून कितीतरी जण वर्षानुवर्षं फडक्यावरच गाडी चालवतात. पण खरं व्हेपर लॉक उन्हाळ्यात, तापलेली गाडी थांबवून पुन्हा सुरू करताना जास्त छळतं. माझी गाडी डिसेंबरच्या गार सकाळीही त्याच चढाला अडली होती, आणि थांबल्याने सुधारत होती.

अस्तर फुगलं कशाने? २०२३पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि २०२५पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे झालं. माझ्या टाकीत काय आहे ते मी मापाच्या नळकांड्यात पाहिलं: १० मिली पाणी, ९० मिली पेट्रोल, हलवून ठेवलं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं, ते खाली उतरतं. तळाचा पाण्याचा थर २८च्या जवळ गेला. म्हणजे ९०मध्ये १८, बरोबर वीस टक्के. ही गाडी बनली तेव्हा तिचे रबर, गॅस्केट, पंपाचा डायफ्राम या मिश्रणाचा विचार करून बनले नव्हते, ते ठीक. पण हा पाईप तर नवा होता. दुकानात मीटरवर मिळणारा, बाहेरून पेट्रोल पाईप म्हणून छापलेला, आतलं रबर कुठलं ते कुणालाच माहीत नाही. इथेनॉलला दोष द्यायला सोपं आहे आणि थोडा तो आहेही. माझ्या मते मोठा दोष अशा मालाचा.

आता टाकला आहे तो एसएई जे३० आर९ (इंधनाच्या पाईपचं मानक) छापलेला, आत फ्लोरोरबरचं अस्तर असलेला. तीनपट महाग आहे, पण सगळा मिळून मीटरभरसुद्धा लागत नाही. जुन्या पाईपवर घट्ट बसलेल्या क्लिपा नव्या पाईपवर तशाच चालतील असं धरू नका, जाडी वेगळी असते. स्क्रूची क्लिप फार आवळली तर पाईप कापते, सैल राहिली तर ओढीच्या बाजूला हवा घेते. धातूच्या नळीचं टोक गंजून खरबरीत झालं असेल तर पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर नवी क्लिपही काही करू शकत नाही. लाइनमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर असेल तर तो अर्धा रिकामा दिसतो म्हणून घाबरू नका, बहुतेक वेळा तो तसाच असतो. बुडबुड्यांची रांग थांबत नसेल तर मात्र मागे कुठेतरी हवा जाते आहे.

बाटलीची परीक्षा पुन्हा घेतली. पहिल्या अर्ध्या मिनिटात पाव लिटरला थोडं कमी, दुसऱ्यातही तेवढंच. खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये चढली, ओलं फडकं डिकीतच राहिलं.

चिरलेला पाईप मामांना नेऊन दाखवला. त्यांनी ती जीभ बोटाने वर-खाली केली, बराच वेळ. मग म्हणाले, "बाई, मग गेल्या साली ती पांढरी फियाट परत परत यायची, तिचं बी ह्येच आसंल की." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेले नंबर शोधायला लागले.

एक काम अजून बाकी आहे. वीस टक्के इथेनॉलमध्ये त्याच जेटने मिश्रण थोडं हलकं (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडतं: शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा पुरते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. प्लग काढून पाहिले तर विटकरीऐवजी पांढुरके निघाले. मेन जेट एक नंबर मोठा टाकून पाहायचा आहे. जुन्या सोलेक्सचा जेट सुटा मिळेल अशी आशा आहे, आणि दुकानदाराने भोक ड्रिलने मोठं करून देतो असं म्हटलं तर त्याला नम्रपणे नको म्हणायचं ठरवलं आहे.